आरव्ही घेऊन टेक्ससचा समुद्रकिनारा : गॅल्व्हेस्टन ते साउथ पाद्रे

खारावारा

या फोरमवरचे आरव्हीचे, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशा गाडीतल्या प्रवासाचे, जुने धागे चाळले तर सगळे यलोस्टोन, युटा नाहीतर ग्रँड कॅन्यनचे. समुद्राकाठी जायचंय म्हटलं की लोक फ्लोरिडाकडे बोट दाखवतात. टेक्ससला समुद्र आहे हे ह्यूस्टनमध्ये घर घेऊन बसलेल्यांनाही आठवण करून द्यावं लागतं, आणि मग उत्तर ठरलेलं : "गॅल्व्हेस्टनचं पाणी गढूळ असतं." असतं, नाकारत नाही. पण तिथून दक्षिणेला सरकत जाल तसं पाणी निवळतं आणि माणसंही कमी होत जातात.

नोव्हेंबरात आम्ही २५ फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली) आरव्ही भाड्याने घेऊन हा किनारा उतरत गेलो. गॅल्व्हेस्टन, सर्फसाइड, रॉकपोर्ट, पोर्ट अरॅन्सस, पाद्रे आयलंड आणि मग साउथ पाद्रे. आम्ही म्हणजे मी, बायको, लेक आणि गुहागरहून आलेले आईबाबा. दिवसवार वर्णन लिहीत नाही. ज्यांना जायचंय त्यांच्या कामाचं तेवढं टाकतो.

आधी वादाचा मुद्दा. आरव्ही वाळूपर्यंत न्यायची, वाळूवर घालायची नाही. टेक्ससमध्ये १९५९ च्या ओपन बीचेस कायद्याने किनारा सगळ्यांचा आहे आणि बऱ्याच ठिकाणी पुळणीवर गाडी चालवता येते. ते पाहून हात शिवशिवतात. पण भाड्याच्या आरव्हीचा करार वाचा, वाळूवर नेली की विमा संपला असं बहुतेक करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय क्लास सी म्हणजे पाच-सहा टनांचं धूड, मागे जोडचाकं आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. जोडचाकांच्या मधल्या फटीत वाळू गच्च बसली की पुढचं सगळं टोइंगवाल्याच्या हातात.

लायसन्स साधं चालतं, २६,००० पौंडांपर्यंत वेगळं काढावं लागत नाही. मायलेज गॅलनला ८ ते १० मैल धरा. समोरून वारा असेल तर त्याहून कमी, आणि या किनाऱ्यावर वारा नाही असा दिवस मिळणं कठीण.

गॅल्व्हेस्टनला सी-वॉलवर थांबलो. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे आम्ही पाण्याकडे बघत होतो आणि ते भिंतीकडे. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात इथे निदान ६,००० माणसं गेली. त्यानंतर गावाने समुद्राच्या बाजूला १७ फूट उंच भिंत बांधलीच, वर अख्खं गाव उचललं. घरांखाली जॅक लावून ती वर घ्यायची, आणि मग खाली पाण्यात कालवलेली वाळू पंपाने भरायची. सेंट पॅट्रिक चर्च ३,००० टनांचं, ते ७०० स्क्रू-जॅक हाताने फिरवून पाच फूट वर घेतलं. बाबा हे वाचल्यावर पुढचा तासभर ते जॅक सगळे एकाच वेळी कसे फिरवले असतील यावरच बोलत होते.

गॅल्व्हेस्टनहून सर्फसाइडला महामार्गाने जाऊ नका. बेटाच्या टोकाला सॅन लुईस पासचा पूल आहे, किरकोळ टोल पडतो, आणि पलीकडे ब्लू वॉटर हायवे अगदी समुद्राला लागून जातो. पोर्ट अरॅन्ससला शिरताना फेरीबोट लागते, ती फुकट. चढण्याआधी गाडीतल्या प्रोपेन गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवा.

बाकी प्रश्न विचारा, तसं लिहीत जाईन.

सोलकढी

छान धागा. आमच्याकडे मे महिन्यात सासूसासरे येणार आहेत म्हणून विचारते. काकूंना चढउतर जमली का? आणि संडासाचं काय? माझ्या सासूबाई विमानातल्या संडासात जायला नको म्हणून सतरा तास पाणी पीत नाहीत.

खारावारा

सोलकढीताई, चढउतर हाच खरा प्रश्न आहे. दाराची पहिली पायरी जमिनीपासून बरीच वर असते. आम्ही एक प्लास्टिकचं बळकट स्टूल घेतलं होतं, गाडी थांबली की पहिलं ते बाहेर. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बिछाना म्हाताऱ्या माणसांच्या कामाचा नाही, तिथे लेक झोपायची. आईबाबांना मागचा पलंग दिला आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाचा पलंग करून.

संडास विमानातल्यापेक्षा मोठा असतो आणि आईने दोन दिवसांत जमवून घेतलं. ज्या कॅम्पग्राउंडला चांगली स्वच्छतागृहं आहेत तिथे ती तीच वापरायची. रात्रीपुरता आतला.

पाण्याच्या बाबतीत मात्र आईने आम्हाला शिकवलं. पाद्रेला मालकीट कॅम्पग्राउंडवर नळजोडणी नाही, वीज नाही. टाकीत असेल तेवढ्यावर भागवायचं. माझी बायको आणि मी ताटं वाहत्या पाण्याखाली धरणारे. आईने पहिल्याच दिवशी एक टोप काढला, ताटं कागदाने पुसली, टोपातल्या पाण्यात विसळली आणि वरून तांब्याभर स्वच्छ पाणी. एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ बघितलेली बाई ती.

तात्या_डॅलस

धागा उत्तम, पण "वाळूवर घालायची नाही" हे पटलेलं नाही. माझा स्वतःचा ट्रेलर आहे, पिकअपला जोडून नेतो. पोर्ट अरॅन्ससच्या पुळणीवर आणि पाद्रेच्या नॉर्थ बीचवर कितीतरी वेळा लावलाय. थंडीत तिथे मिनेसोटा-आयोवाकडचे म्हातारे रांगेने मुक्काम ठोकून असतात, ज्यांना विंटर टेक्सन म्हणतात ते. दार उघडलं की समोर पाणी. ते सोडून डांबरावर गाडी लावायची तर घरीच ड्राइव्हवेत लावा की!

खारावारा

तात्या, तुमचा ट्रेलर, तुमचा पिकअप, त्यातही तो फोर व्हील. मी लिहिलंय ते भाड्याची क्लास सी घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी.

पण पुळण सगळीकडे सारखी नसते हेही लिहायला हवं. पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट, त्यावर गाडी पळते. वर वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी कोरडी भुसभुशीत वाळू असते, आणि मुक्कामाला जागा लागते ती नेमकी तिथे. म्हणजे चालवताना काही वाटत नाही, अडकतो तो गाडी लावताना.

पाद्रे आयलंड नॅशनल सीशोअरमध्ये डांबरी रस्ता संपला की दक्षिणेला मॅन्सफिल्ड खाडीपर्यंत साठ मैल नुसती पुळण आहे. ना रस्ता, ना घर, ना दुकान. पहिले पाच मैल साधी गाडी सहसा जाते. पुढे फोर व्हील हवीच. आम्ही आरव्ही मालकीटला डांबरावर लावली आणि सॅन अँटोनियोहून मेव्हणा त्याची फोर व्हील घेऊन आला, त्यातून आत गेलो. लिट्ल शेल नावाची पुळण लागली, मग बिग शेल. तिथे उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून येणारे किनारी प्रवाह एकमेकांना भिडतात, त्यामुळे समुद्रातलं सगळं काही तिथे येऊन पडतं. वाळू म्हणजे फुटक्या शिंपल्यांचा जाड भुगा. चाक त्यात असं बसतं जसं साबुदाण्याच्या पोत्यात पाय.

तिथेच एक गृहस्थ चेसिसपर्यंत रुतलेले भेटले. टायरची हवा कमी केली नव्हती, आणि सुटण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबत राहिले, म्हणजे स्वतःच खड्डा खणला. मेव्हण्याने त्यांची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवली, चाकांपुढची वाळू फावड्याने काढली, पायपुसण्या घातल्या आणि पट्ट्याने ओढून काढलं. फोनला रेंज नव्हती. तिथून टोइंगवाला बोलवायचा झाला तर आधी त्याला कळवणार कसं, आणि तो जे बिल देईल ते सहन कसं करणार.

तात्या_डॅलस

बिल चार आकडी असतं. ऐकीव नाही, शेजारच्या तंबूवाल्याचं पाहिलंय. तेवढ्यापुरता तुमचा मुद्दा मान्य. पण नॉर्थ बीचवर सकाळचा चहा हातात घेऊन दारात बसणं याला पर्याय नाही, यावर मी ठाम.

शंकेखोर

मूळ शंका कोणीच विचारली नाही म्हणून विचारतो. ते ब्लॅक टँक प्रकरण नक्की कसं असतं? यूट्यूबवर पाहिलं आणि जेवण गेलं नाही.

खारावारा

शंकेखोर, तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक ग्रे म्हणजे सिंक आणि आंघोळीचं सांडपाणी, एक ब्लॅक म्हणजे संडासाची. डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) जाड नळी जोडायची, आधी ब्लॅक सोडायची आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. रबरी हातमोजे घालायचे, जोडणी नीट बसली आहे ना हे झडप उघडायच्या आधी पाहायचं. दहा मिनिटांचं काम.

दोन गोष्टी पाळा. फुल हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाणी, तिन्ही जोडण्या) असलेल्या जागीसुद्धा ब्लॅक टँकची झडप उघडी ठेवून बसू नका, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट तेवढं तळाशी बसतं. आणि आधी भरते ती ग्रे, ब्लॅक नव्हे. आपल्याकडे रोज भांडी घासायची, डाळ-तांदूळ धुवायचे, त्यामुळे तर लवकरच. पाद्रेला डंप स्टेशन आणि पाणी भरायचा नळ दोन्ही कॅम्पग्राउंडजवळच आहे, त्यामुळे दोन-तीन दिवसांपलीकडे राहायचं असलं तरी अडत नाही.

मीठभाकरी

स्वयंपाकाबद्दल माझ्याकडून. आम्ही गेल्या वर्षी मस्टँग आयलंड स्टेट पार्कला गेलो होतो, तिथे ४८ जागांना वीज-पाणी आहे. आमच्या गाडीची जोडणी ३० अँपिअरची. म्हणजे १२० व्होल्टने सगळं मिळून ३,६०० वॉट. एसी १,५०० च्या आसपास खातो, इंडक्शन पूर्ण लावलं तर १,८००, वर कोणी मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की ब्रेकर उडालाच. आमच्याकडे संध्याकाळी "एसी बंद करा, भाकरी टाकतेय" अशी आरोळी असायची.

मासे आत तळू नका. त्या पडद्यांना आणि गाद्यांना वास बसतो तो परत करेपर्यंत जात नाही, आणि सफाईचे पैसे कापतात. बाहेरच्या टेबलावर पोर्टेबल शेगडी, वाऱ्याला आडोसा म्हणून गाडीची बाजू, आणि बीडाचा तवा.

मासा काय घ्यायचा हा प्रश्न असेल तर किंग मॅकरेल बघा. आपल्या सुरमईच्याच कुळातला आहे. काप जाड करून घ्या, आगळ, लाल तिखट, तांदळाचं पीठ. पॉम्पानो मिळाला तर सोडू नका. पापलेटाचा भाऊ म्हणून विकत घ्याल, पण खरा जवळचा आपल्या हलव्याला.

आणि कोणाला गळ टाकायची हौस असेल तर टेक्ससच्या स्टेट पार्कमध्ये किनाऱ्यावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. बाहेर लागतं, पाहुण्यांनाही.

खारावारा

मीठभाकरी, आगळ आणलं होतंत का बरोबर? मानलं.

वाऱ्याबद्दल मीही लिहायला विसरत होतो. भाड्याच्या आरव्हीला बाजूला छत असतं, ऑनिंग. इथे ते उघडून फिरायला जायचं नाही. दुपारी आग्नेयेकडून वारा वाढतो आणि ऑनिंगच्या दांड्या वाकतात, डिपॉझिट त्यातच जातं. झोपताना तर मिटायचंच. नोव्हेंबर ते मार्च आणखी एक प्रकार असतो, नॉर्दर. दुपारी आम्ही अर्ध्या बाह्यांत होतो, उत्तरेला निळसर काळी पट्टी दिसली आणि पाऊण तासात तापमान वीसेक फॅरनहाइटने खाली. वारा आग्नेयेचा एकदम उत्तरेचा. आई म्हणाली, हे वारं फिरणं आपल्याकडे पावसाच्या तोंडाला असतं. गाडी शक्यतो तोंड वाऱ्याकडे करून लावा, रात्रभर डुलत नाही.

औषधपाणी

काही सूचना, घाबरवायला नाही.

किनाऱ्यावर निळा-जांभळा फुगा पडलेला दिसला तर मुलांना हात लावू देऊ नका. पोर्तुगीज मॅन ओ' वॉर. वाळलेला असला तरी त्याचे धागे डंख करतात. लागलाच तर धागे हातमोजा घालून काढा आणि हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. पाकट, म्हणजे स्टिंगरे, उथळ पाण्यात वाळूखाली बसते. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला म्हणजे ती आधीच पळते.

मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी पायाला जखम असताना उबदार खाऱ्या पाण्यात जाऊ नये. व्हिब्रिओ नावाचा जिवाणू असतो, क्वचित होतो पण झाला तर वेळ देत नाही. आपल्या आईवडिलांपैकी निम्म्यांना साखर असते म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि पाहुण्यांचा प्रवासी विमा आधीच्या आजारांना काय देतो ते बारीक अक्षरांत वाचून घ्या.

टेकड्यांवर चढू नका. रॅटलस्नेक असतात आणि गवत तुडवल्याने टेकडी उडते ते वेगळंच.

सोलकढी

डॉक्टरसाहेब, घाबरवायला नाही म्हणून जे लिहिलंत ते सासूबाईंना दाखवत नाही :)

कासवछाप

खारावारा, तुम्ही नोव्हेंबरात गेलात म्हणून पाद्रेची मुख्य गोष्ट हुकली. आम्ही जूनच्या शेवटाला गेलो होतो, कासवांसाठी. उकाडा जबरदस्त, रात्री आरव्हीत एसीशिवाय झोपणं अशक्य, म्हणून वीज असलेल्या पार्कमध्ये राहून पहाटे गाडीने गेलो.

केम्प्स रिडले हे जगातलं सगळ्यात दुर्मीळ समुद्री कासव. मेक्सिकोत रँचो न्वेव्होला १९४७ मध्ये घेतलेल्या एका चित्रफितीवरून एका दिवसात ४०,००० माद्या किनाऱ्यावर आल्याचा अंदाज आहे. १९८५ च्या अख्ख्या हंगामात घरटी सापडली ७०२. १९७८ ते १९८८ या काळात तिथली अंडी विमानाने पाद्रेला आणली, आणि आणताना पाद्रेच्याच वाळूत भरून आणली, मेक्सिकोच्या वाळूला लागू न देता. पिल्लांनी हाच किनारा आपला समजावा म्हणून. पिल्लं इथल्या पुळणीवरून चालत पाण्यात गेली की जाळ्याने परत धरायची, गॅल्व्हेस्टनला सुमारे वर्षभर वाढवायची आणि मग सोडायची. आज टेक्ससमध्ये ही कासवं येऊन अंडी घालतात.

जून मध्य ते ऑगस्टमध्ये पिल्लं सोडताना लोकांना बघू देतात. कधी सोडणार हे पिल्लं ठरवतात, त्यामुळे आदल्या रात्री हॉटलाइनला फोन करून ऐकायचं आणि उजाडायच्या आत हजर राहायचं. दोरी बांधलेली असते, फ्लॅश मारायचा नाही. वर सीगल हाकलायला स्वयंसेवक काठ्यांना फडकी बांधून उभे. पिल्लू तीन-चार सेंटिमीटरचं, काळं, ओल्या वाळूवर चाकाचा माग असला तर त्यातून त्याला वर चढता येत नाही. गाडी कुठून गेली होती त्याचा राग येतो अशा वेळी.

आपलं वेळासचं ऑलिव्ह रिडले याचं सख्खं भावंड. लेपिडोकेलिस या कुळात या दोनच जाती आहेत. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन जे केलं तेच इथे सरकारी खर्चाने चालतं. फरक एक, ऑलिव्ह रिडले बहुधा रात्री येते आणि केम्प्स भरदिवसा. एप्रिल ते जुलै मध्यापर्यंत पुळणीवर गाडी नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मादी जेमतेम दोन फुटी, करड्या रंगाची, कडेच्या शेवाळाच्या ढिगात दिसत नाही. तात्या, तुम्हालाच म्हणतोय.

तात्या_डॅलस

मी थंडीतच जातो हो. पण चाकाच्या मागाचं माहीत नव्हतं. नोंद घेतली.

एच४ची_गोष्ट

साउथ पाद्रेहून येताना इमिग्रेशनवाले थांबवतात असं ऐकलंय, खरंय का? आपण तर देशाबाहेर जातच नाही.

खारावारा

खरंय. नकाशात पाद्रे आणि साउथ पाद्रे एका रेषेत दिसतात पण मधे मॅन्सफिल्ड खाडी कापलेली आहे, पूल नाही. त्यामुळे परत मागे येऊन किंग्सव्हिलवरून हायवे ७७ ने जायचं. वाटेत केनेडी काउंटीचा पट्टा, म्हणजे नुसती रँच. पेट्रोल किंग्सव्हिललाच भरा, पुढे रेमंडव्हिलपर्यंत भरवशाचं नाही.

परतताना सरीटाच्या आधी बॉर्डर पॅट्रोलची (सीमा पोलिसांची) चौकी लागते. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक गाडी थांबते. पासपोर्ट, व्हिसा, छापलेला आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद), ग्रीन कार्ड असेल तर ते, मूळ प्रत जवळ हवी. फोनमधला फोटो नको. कायद्यानेही अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने ती कागदपत्रं जवळ बाळगायची असतात. आमच्याकडे अधिकाऱ्याने बाबांना विचारलं, कुठे गेला होता. बाबांनी सी-वॉलपासून सुरुवात केली. त्याने जा म्हणून सांगितलं.

साउथ पाद्रेला इस्ला ब्लँका पार्कमध्ये राहा, काउंटीचं आहे, फुल हुकअप मिळतं. समोर खाडीपलीकडे बोका चिकाला स्पेसएक्सचं तळ दिसतं. उड्डाण असेल त्या आठवड्यात जागा मिळणार नाही.

दाभोळखाडी

हे सगळं वाचून साहजिक प्रश्न. कोकणात का नाही? २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, एमटीडीसीच्या जागांवर कॅरॅव्हॅन लावायची सोय वगैरे. रेवस ते रेड्डी सागरी मार्ग आहे. काय कमी आहे?

खारावारा

बाबांना विचारून लिहितो, कारण यावर त्यांचं मत पक्कं आहे.

पहिलं, रस्ता. गुहागर-हेदवी-वेळणेश्वर पट्ट्यात समोरून एसटी आली की एकाला कडेच्या गटारापर्यंत जावं लागतं. २५ फुटी गाडी तिथे घाटातल्या वळणांवर अडकणार. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली छोटी कॅरॅव्हॅन जाईल. खाड्यांना जंगलजेट्टी (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी) आहेत, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, त्यावरून ट्रक जातात म्हणजे तीही जाईल.

दुसरं जास्त महत्त्वाचं, भरती-ओहोटी. टेक्ससच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूट-दीड फूट. पाणी वर येतं ते वाऱ्याने. कोकणात उधाणाला तोच फरक दहा फुटांच्या घरात जातो. ओहोटीला पुळण कडक, सपाट, मैदानासारखी मोकळी दिसते, पुण्या-मुंबईची गाडी खाली उतरते, चाक बसतं, आणि सहा तासांत तिथे कमरेएवढं पाणी. दरवर्षी व्हिडिओ येतात, मग गावातले लोक ट्रॅक्टर किंवा बैल घेऊन जातात. म्हणून कित्येक ठिकाणी पुळणीवर गाडी न्यायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

तिसरं आईचं म्हणणं. घरगुती मुक्काम सोडून माणूस डब्यात का झोपेल? मोदक कोण करून देणार?

दाभोळखाडी

काकूंच्या मुद्द्याला उत्तर नाही :) बाकी वर डांबरगोळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. पावसाच्या सुरुवातीला आमच्याकडे किनाऱ्यावर येतात तसे तिकडेही येतात का?

मीठभाकरी

येतात, पाद्रेला तर भरपूर. मेक्सिकोच्या आखाताच्या तळातूनच तेल झिरपतं, त्यामुळे कायमचं आहे. पूर्वी इथले कारांकावा लोक त्याच डांबराने मातीची भांडी आतून लिंपायचे. पायाला लागलं तर साबणाने निघत नाही, खोबरेल तेल चोळा आणि कागदाने पुसा. आरव्हीच्या दाराशी पाण्याची बादली, एक जुना टॉवेल आणि तेलाची बाटली. पोरांना त्याशिवाय आत प्रवेश नाही.

कासवछाप

खारावारा, बिग शेलला गेलात तर गारंबी दिसली का?

खारावारा

दिसली ना! आईनेच ओळखली. शेवाळाच्या पट्ट्यात तपकिरी, हृदयाच्या आकाराची, तळहातात मावेल न मावेल अशी बी. मेव्हणा म्हणाला सी-हार्ट, दक्षिणेकडच्या जंगलांतून वाहत येतं. आई म्हणाली, गारंबी, ओटीवर ठेवायचो आम्ही. जात थोडी वेगळी, कूळ तेच, एंटाडा. एक लेकीने ठेवली आहे. भारतात नेऊ नका मात्र, बिया न्यायचे नियम असतात.

रॉकपोर्टचं कोणी विचारलं नाही, पण पक्षीवाल्यांसाठी : नोव्हेंबर ते मार्च अरॅन्सस अभयारण्यात हूपिंग क्रेन येतात, कॅनडातल्या वुड बफेलोहून. १९४१ मध्ये या थव्यात पंधराएक उरले होते, आता ५०० च्या वर आहेत. पाच फूट उंच पक्षी, दलदलीत निळे खेकडे टिपत चालतो. रॉकपोर्टहून होडी घ्या, गाडीतून लांब दिसतात.

सोलकढी

शेवटचा प्रश्न. मुलांची सुट्टी मार्चमध्ये आहे, सासूसासऱ्यांना लवकर बोलावून तेव्हाच जावं का?

तात्या_डॅलस

मार्चचा मधला पंधरवडा अजिबात नको. स्प्रिंग ब्रेक, म्हणजे कॉलेजच्या पोरांची सुट्टी. पोर्ट अरॅन्सस आणि साउथ पाद्रेला रात्रभर गाणी आणि बीअर. सासूबाई पुन्हा यायच्या नाहीत. जायचंच तर मालकीट, तिथे त्यातल्या त्यात शांतता, पण जागा जो आधी येईल त्याला. शुक्रवारी संध्याकाळी पोचू नका, मंगळवारी सकाळी पोचा.

खारावारा

तात्यांशी सहमत, यावेळी पूर्ण. ताई, एप्रिलचा दुसरा-तिसरा आठवडा बघा. पाणी कोमट, उकाडा नाही, चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो त्याच्या आत. मस्टँग किंवा गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्क हवं असेल तर बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि वीकेंडच्या जागा भराभर जातात. म्हणजे एप्रिलसाठी नोव्हेंबरात. आरव्ही परत करताना खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, मीठ बसतं. आणि स्टूल विसरू नका.

सोलकढी

स्टूल यादीत पहिलं लिहिलं. सासूबाईंना ब्लॅक टँकचं नवरा समजावणार आहे.